लॉकडाऊनमधली ‘१८८’ची केस: कलम काय, शिक्षा काय आणि रेकॉर्डवरून नाव कसे निघते?

पोलीस भरतीचे मैदान निघाले, लेखीही निघाली. पुढे चारित्र्य पडताळणीला ठाण्यात गेल्यावर कळते की २०२० साली आपल्या नावावर केस पडली आहे. मास्क नव्हता म्हणून, किराणा दुकान पाच मिनिटे उशिरा बंद केले म्हणून, किंवा कडबा आणायला निघालेली गाडी नाकाबंदीवर अडवली म्हणून. त्या वेळी नाव लिहून घेऊन सोडून दिले, त्यामुळे घरच्यांना वाटले विषय संपला. कागदावर मात्र तो संपलेला नसतो. कोरोना काळातल्या या केसेस नेमक्या काय होत्या, कोणती साधी, कोणती जड आणि आज त्यांचे काय करायचे, याची ही माहिती.

केसेस एवढ्या का झाल्या?

राज्य सरकारने १३ मार्च २०२० रोजी १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा इंग्रजांनी मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी आणला होता. २३ मार्चला राज्यभर संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन सुरू झाला. जिल्हाधिकारी जमावबंदीचे आदेश काढायचे. तो आदेश मोडला की पोलीस भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लावायचे. सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेल्या आदेशाची अवज्ञा, एवढाच या कलमाचा अर्थ.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशात कलम १८८ चे २९,४६९ गुन्हे नोंद झाले होते. २०२० मध्ये हाच आकडा ६,१२,१७९ वर गेला. एकट्या महाराष्ट्रात लॉकडाऊनच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच एक लाखावर गुन्हे नोंदले गेले.

पोलिसांवरही तेव्हा मोठा ताण होता. मनुष्यबळ तेवढेच आणि काम दुप्पट. नाकाबंदी, क्वारंटाइनमधल्या लोकांवर लक्ष, परप्रांतीय मजुरांची यादी, ई-पास, सगळे त्यांच्याच गळ्यात. राज्यात अनेक पोलीस कोरोनाने गेले. त्याच काळात काठीचा अतिरेक झाल्याच्या तक्रारीही ठिकठिकाणी आल्या. आदेश मोडणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. रस्त्यावर शिक्षा म्हणून मारण्याचा किंवा उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यात नाही.

कोणते कलम किती जड?

एफआयआरची प्रत हातात आली की आधी कलमे बघावीत. सगळा हिशेब तिथेच आहे.

कलम १८८: आदेश मोडल्याने जीविताला किंवा आरोग्याला धोका झाला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र.

कलम २६९: निष्काळजीपणाने रोग पसरण्याजोगे कृत्य. ६ महिन्यांपर्यंत कैद. जामीनपात्र.

कलम २७०: हेच कृत्य जाणूनबुजून, वाईट हेतूने केले असेल तर २ वर्षांपर्यंत कैद. जामीनपात्र.

कलम २७१: क्वारंटाइनचा नियम मोडणे. ६ महिन्यांपर्यंत कैद. जामीनपात्र आणि अदखलपात्र.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५१: निर्देश पाळायला नकार दिला तर १ वर्षापर्यंत कैद, त्यातून जीव गेला किंवा जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत. याच कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोटी अफवा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद आहे. व्हॉट्सॲपवरच्या ‘अमक्या गल्लीत पेशंट सापडला’ छाप मेसेजवर हे कलम लागू शकत होते.

कलम ३५३: सरकारी कामात अडथळा, म्हणजे कामावरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळजबरी. महाराष्ट्रातल्या दुरुस्तीनुसार ५ वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र. नाकाबंदीवर पोलिसाशी, किंवा गावात ग्रामसेवक-तलाठ्याशी झालेली झटापट याच कलमात बसवली गेली.

डॉक्टर, नर्स, आशा सेविका यांच्यावर हल्ला झाला असेल तर प्रकरण आणखी गंभीर. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आणि पुढे सप्टेंबरच्या दुरुस्तीने साथरोग कायद्यात ३ महिने ते ५ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आला. गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि १ लाख ते ५ लाख दंड. हा गुन्हा अजामीनपात्र आहे.

थोडक्यात, नुसते १८८, २६९ असेल तर केस हलकी. सोबत ३५३ किंवा आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे ‘लॉकडाऊनची केस आहे, निघून जाईल’ असे समजून बसू नये.

१८८ च्या केसमध्ये बचावाचा मुद्दा कोणता?

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९५ सांगते की कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेऊ शकते, जेव्हा आदेश काढणारा अधिकारी किंवा त्याचा वरिष्ठ स्वतः कोर्टात लेखी तक्रार करतो. पोलिसांचे दोषारोपपत्र म्हणजे अशी तक्रार नव्हे. आदेश जिल्हाधिकाऱ्याचा, फिर्याद नाक्यावरच्या हवालदाराची आणि कोर्टात नुसते दोषारोपपत्र, असे असेल तर बचावाचा मुद्दा भक्कम होतो. हे कलम पाळणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सी. मुनिअप्पन प्रकरणात २०१० मध्ये सांगितले आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही कलम ६० नुसार अशीच तक्रार लागते.

दुसरा मुद्दा मुदतीचा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने एका वर्षात घ्यायची असते, एक ते तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याची तीन वर्षांत. कोरोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता आणि सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफही करू शकते. त्यामुळे तारखा घेऊन हा हिशेब वकिलाकडूनच करून घ्यावा.

पुरावा नसेल तर उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करू शकते. याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. तबलिगी जमातीच्या कार्यक्रमानंतर अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या परदेशी नागरिकांवर गुन्हे नोंदले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि साथीच्या काळात या लोकांना बळीचा बकरा केल्याचे दिसते, असे स्पष्ट सांगितले.

कोर्टच बंद असताना आरोपीचे काय झाले?

कोर्टे मोजक्या वेळेत आणि फक्त तातडीच्या कामासाठी चालत होती. रिमांड व्हिडिओ कॉलवर होत होते. तालुक्याच्या ठिकाणी रेंज नाही, वकिलाला जिल्हा ओलांडायला पास नाही, घरच्यांना भेट नाही, अशी तिहेरी अडचण होती. ज्यांची केस हलकी होती पण जामीनदार गावात अडकला होता, असे आरोपी नाहक आत राहण्याची भीती होती.

या काळात दोन आदेश कैद्यांच्या कामी आले. तुरुंगातली गर्दी कमी करायला सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात कोरोना शिरल्यावर राज्याने सुमारे १७ हजार कैद्यांना तात्पुरता जामीन किंवा पॅरोलवर सोडण्याचे जाहीर केले. दुसरा आदेश १९ जून २०२० चा, एस. कासी प्रकरणातला. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. लॉकडाऊनचे कारण सांगून हा हक्क काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठणकावले.

चोऱ्या थांबल्या, पण सगळे गुन्हे थांबले नाहीत

माणसे घरात असल्याने घरफोड्या कमी झाल्या. त्याच वेळी फसवणूक मोबाइलवर आली. दारू घरपोच देतो म्हणून ॲडव्हान्स घेणारे, मदत निधीचे खोटे यूपीआय आयडी बनवणारे, २०२१ मध्ये रेमडेसिविरचा काळाबाजार करणारे, असे नवे प्रकार पुढे आले. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाकडे वाढल्या. एसटी बंद, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात आणि मोबाइल नवऱ्याच्या हातात, अशा बाईला ठाण्यापर्यंत पोहोचणेच अवघड होते.

सगळ्यात भयंकर ठरली ती अफवा. मुले पळवणारी टोळी फिरते, असे मेसेज पालघर जिल्ह्यात पसरले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले गावाजवळ जमावाने एक गाडी अडवली. सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक, असे तिघे पोलिसांदेखत मारले गेले. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली आणि तपास सीआयडीकडे गेला. लॉकडाऊनमध्ये गावाने रस्ता अडवणे आणि कुणाला चोर ठरवून हात उचलणे यात किती थोडे अंतर असते, ते या घटनेने दाखवले. खुनाच्या गुन्ह्यात ‘मी फक्त गर्दीत उभा होतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

सरकारने केसेस मागे घेतल्या ना?

घोषणा झाली, हे खरे. २०२२ मध्ये राज्य सरकारने लॉकडाऊनमधले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. सरकारी किंवा आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांवर हल्ल्याची प्रकरणे त्यातून वगळली होती.

पण घोषणा झाली म्हणजे केस आपोआप बंद झाली असे नाही. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने त्या कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. १८८ सारख्या समन्स खटल्यात परवानगी मिळाली तर आरोपी निर्दोष सुटतो. पण हा आदेश आपल्या केसमध्ये खरोखर झाला का, हे ज्याचे त्याने बघायचे असते.

आता काय करावे?

१. ठाण्याचे नाव, गुन्हा नंबर आणि वर्ष मिळवावे. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर शोधता येते.

२. ई-कोर्ट्स ॲपमध्ये एफआयआर नंबरने किंवा नावाने केस शोधावी. तिथे काही दिसत नसेल तर दोषारोपपत्र गेले की समरी रिपोर्ट गेला, हे ठाण्यात लेखी विचारावे.

३. समन्स आले असेल तर तारखेला हजर राहावे. न गेल्यास वॉरंट निघते.

४. केस मागे घेतली किंवा निकाल लागला असेल तर आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवावी. पडताळणीत हाच कागद चालतो, तोंडी सांगणे नाही.

५. ‘गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला घाईत ऐकू नये. कबुली देऊन दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे, आणि ती नोंद राहते. नोकरीच्या वयातल्या पोराने तर आधी वकिलाला विचारावे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने मास्कसाठी पावती फाडून घेतलेला दंड मात्र वेगळा, तो कोर्टातली शिक्षा नव्हे.

६. भरतीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर लपवू नये. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की खरी माहिती दिली आणि गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा सबुरीने विचार करू शकतो. लपवलेले उघडे पडले तर लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते.

७. गाडी अजून ठाण्याच्या आवारात गंजत असेल तर ताब्यासाठी कोर्टात अर्ज करावा. जप्त वाहने विनाकारण ठाण्यात ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवले आहे.

८. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तिचे काम तालुक्याच्या कोर्टातूनच चालते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागते. मोफत हेल्पलाइन १५१०० आहे.

नवीन कायद्यात हे सगळे कुठे गेले?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुने १८८ आता कलम २२३ झाले आहे आणि शिक्षा वाढली आहे: धोका झाला असेल तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रारीची अट नव्या प्रक्रिया कायद्याच्या कलम २१५ मध्ये कायम आहे. २०२०-२१ च्या केसेसना मात्र जुनीच कलमे आणि जुनीच शिक्षा लागू राहते. पुन्हा कधी जमावबंदीचा आदेश निघाला तर आकडा २२३ असेल, आणि ठाण्यात नाव लिहून घेतले तर गुन्हा नंबर विचारूनच घरी यावे.