जूलचे चाक आणि मोटारीतले तेल

मिक्सरमध्ये चटणी बराच वेळ वाटली की भांडे कोमट लागते. खाली शेगडी नाही, भांड्यात गरम काही घातलेले नाही. मग ही उष्णता आली कोठून? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले सांगतात, ‘मोटर तापते म्हणून.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पाती चटणी घुसळण्यासाठी जे कार्य करतात, त्याचीही शेवटी उष्णताच होते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स जूल याने काटेकोरपणे मोजली. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या मोटारींमध्ये ती पुन्हा समोर आली. आज जुन्या मोटारींचे शौकीन आपल्या गाडीच्या रेडिएटरपुढे तेल थंड करणारा एक छोटा कूलर बसवतात. त्या कूलरची ही पूर्वकथा.

जूलचा प्रयोग

जूल (१८१८–१८८९) हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात पात्यांचे चाक आणि चाकाला दोरीने जोडलेली वजने, अशी त्याची मांडणी होती. वजने खाली उतरली की चाक फिरे आणि पाणी घुसळले जाई. पाण्याने चाकाबरोबर नुसते गरगर फिरू नये म्हणून त्याने भांड्याच्या आत स्थिर पातीही बसवली होती. ही स्थिर पाती लक्षात ठेवावीत, ती पुढे पुन्हा भेटणार आहेत. वजने वीस वेळा वर चढवून खाली सोडली, तरी पाण्याचे तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट वाढे. एवढ्याशा वाढीवरून त्याने १८५० साली जाहीर केले की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला सुमारे ७७२ फूट-पौंड कार्य लागते. आजच्या आकड्याहून यात एक टक्क्यापेक्षा कमी फरक आहे.

जहाजातून मोटारीत

विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेची टर्बाइन आली. टर्बाइन फार वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा संथ फिरला तरच नीट काम देतो. एवढी शक्ती पेलणारी भरवशाची दातेरी चाके तेव्हा सहज मिळत नव्हती. स्टेटिन (आजचे पोलंडमधील श्चेचिन) येथील व्हल्कान गोदीत काम करणारा जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ साली एका निराळ्या युक्तीचे पेटंट घेतले. टर्बाइनला जोडलेले एक चाक द्रव फेकते आणि त्या द्रवाच्या जोराने समोरचे दुसरे चाक फिरते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा आपोआप फिरू लागतो, तसेच हे.

फोटिंगरने या दोन चाकांच्या जोडीला स्थिर पाती बसवली. ती द्रवाची दिशा वळवतात, त्यामुळे दुसऱ्या चाकाला मिळणारा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, पहिल्यापेक्षा जास्त होऊ शकतो. हा टॉर्क कन्व्हर्टर. स्थिर पाती काढून टाकली की उरते ती साधी द्रव-जोडणी.

द्रव-जोडणीचा हिशोब वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. तिच्यात दोन्ही चाकांवरचा टॉर्क सारखाच असतो. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. म्हणून पहिल्या चाकाचे १०० फेरे होताना दुसऱ्याचे ९७ झाले, तर शक्तीही ९७ टक्केच पोचते. उरलेल्या ३ टक्क्यांनी तेल तापते.

जहाजांसाठी पुढे चांगली दातेरी चाके तयार झाली, पण फोटिंगरची कल्पना रस्त्यावर आली. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने आपल्या गाड्यांत द्रव-जोडणी बसवली. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी द्रव-जोडणी आणि आपोआप बदलणारे चार गिअर यांचा संयोग करून ‘हायड्रामॅटिक’ तयार केला. १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत तो मिळू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यांतही बसवला गेला. १९४८ च्या ब्यूक गाड्यांत ‘डायनाफ्लो’ आला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर होता आणि नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलतच नसत. दोन चाकांच्या वेगांतला फरक गिअरचे काम करी. १९५० साली शेवरोलेच्या ‘पॉवरग्लाइड’ने ही सोय स्वस्त गाड्यांत आणली. क्लच दाबण्याची कटकट गेली, गाडी लोण्यासारखी सरकू लागली. त्या मऊपणाची किंमत मात्र तेल चुकवत होते.

तेल किती तापते?

समजा, इंजिन ३० किलोवॉट शक्ती देत आहे आणि चढावर कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. मग साडेचार किलोवॉट उष्णता तेलात जाते. कपड्यांच्या तीन मोठ्या इस्त्र्या तेलात बुडवून ठेवाव्यात, तितकी ही उष्णता आहे.

गाडी चिखलात रुतली, इंजिन जोरात चालू आहे पण चाके हलतच नाहीत, अशी कल्पना करा. आता कार्यक्षमता शून्य, आणि तिसांचे तीसही किलोवॉट तेलात. आठ लिटर तेलाचे वस्तुमान सुमारे सात किलोग्रॅम असते. तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण निम्मी, म्हणजे अंशामागे किलोग्रॅमला दोन किलोजूल धरू. सगळे तेल एक अंश तापायला १४ किलोजूल पुरतात. म्हणजे दर सेकंदाला तेल दोन अंशांहून अधिक तापते, अर्ध्या मिनिटात साठ अंश! जूलला जो अर्धा अंश मोजायला वीस खेपा लागल्या, तो येथे डोळ्याचे पाते लवेपर्यंत चढतो.

तापलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण होते, रबरी सीले कडक होऊन गळू लागतात, आतल्या क्लचची अस्तरे करपतात. तेल सुमारे ९५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की दर अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. ‘दहा अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट’ हा रसायनशास्त्रातला ठोकताळा आठवला की याचे नवल वाटत नाही.

कूलर कोठे बसवावा?

कारखान्यांनी यावर उपाय केला होताच. काही गाड्यांत कन्व्हर्टर वाऱ्यानेच थंड करीत. बहुतेकांत रेडिएटरच्या तळाच्या किंवा बाजूच्या टाकीत एक नळी बसवून तिच्यातून तेल फिरवत. पण टाकीतले पाणीच ८०–९० अंशांवर असेल, तर तेल त्याखाली येणार कसे? उष्णता उताराच्या दिशेनेच वाहते. शिवाय जुन्या रेडिएटरमधली ही नळी गंजून फुटली, तर लाल तेल आणि पाणी मिसळून गुलाबी दुधासारखा फेस होतो आणि गिअरबॉक्स निकामी होतो.

बाहेरचा कूलर रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडाशी बसवतात. तेथे हवा पस्तीस-चाळीस अंशांची, म्हणून तापमानातला फरक मोठा. येथे क्रमाला महत्त्व आहे. तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि शेवटी गिअरबॉक्समध्ये परत जायला हवे. क्रम उलटा झाला तर वाऱ्याने निवलेले तेल गरम पाण्यात पुन्हा तापते. थंड प्रदेशात टाकीतली नळी वगळणेही बरे नाही. तेथे तेल गारठून घट्ट होते आणि इंजिनचे पाणीच त्याला ऊब देते. जोडणीची नळी तेलाला टिकणारी हवी, पाण्याची साधी रबरी नळी चालत नाही. आणि कूलर फार मोठा केला, तर त्यातून तापून आलेली हवा रेडिएटरवर जाते आणि इंजिन तापू लागते. उष्णता नाहीशी करता येत नाही, फक्त दुसरीकडे पाठवता येते.

मूळ गाडीत बदल नको, असे काही शौकिनांना वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण हा कूलर पुन्हा काढता येतो, करपलेला गिअरबॉक्स मात्र पूर्ववत होत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र चालते ठेवायचे, तर ही तडजोड रास्त वाटते.

उष्णता दूर नेण्यापेक्षा ती निर्माणच होऊ नये, हा खरा उपाय. पॅकार्डने १९४९ सालीच एका क्लचने दोन्ही चाके एकत्र जखडण्याची सोय आपल्या गाडीत केली होती. जखडलेल्या चाकांत वेगाचा फरक नाही, म्हणून घुसळणही नाही. पण पेट्रोल स्वस्त होते तोवर बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशोब सुरू झाला, १९७८ साली क्रायस्लरने ती सोय आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली.

आता वर्गातला प्रयोग. मिक्सरच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या. तापमान मोजा, झाकण घट्ट लावून एक मिनिट फिरवा, पुन्हा मोजा. मिळालेल्या वाढीवरून पाण्याने किती जूल उष्णता घेतली ते मुलांना काढू द्या. मग विचारा : हे पाणी गार ठेवून मिक्सर दिवसभर चालवायचा असेल, तर काय कराल? नळी, पंप, पंखा अशी चित्रे वहीत उमटू लागतील. रेडिएटरपुढचा तो कूलर मुले स्वतःच शोधून काढतील.