आहेराची वही

आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली आहेराची वही असायची. लांबट, लाल कापडी बांधणीची. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि कुंकवाचं बोट. अमक्याकडून सव्वा रुपया, तमक्याकडून टोपी-टॉवेल. समोर, कैक वर्षांनी वेगळ्या शाईत ओढलेली फेडीची रेघ.

आमचा बाजार सुप्याचा. 12 मे 1875 रोजी याच बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं लुटली, कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळले. आजोबा हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगत आणि शेवटी हटकून म्हणत, “सावकाराचा कागूद जाळता आला. पर ह्या वहीला काडी लावायची कुणाची छाती झाली न्हाई.”

रयत लग्नकार्यात पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, असं तेव्हा साहेब लोक सर्रास म्हणत. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या आयोगाला मात्र ते पटलं नाही. लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला गेला आहे, असे प्रसंग येतात तरी कितीदा, असं त्यानं नोंदवलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. पाठोपाठ शेतसारा वाढला, तोही रोखीनं भरायचा. खरा फास तिथं होता.

आजोबा आयोगाच्या बाजूचे. आहेराला व्याज नाही, तारण नाही. देणाऱ्याच्या दारी कार्य निघालं की फेडायचा. 1972 च्या दुष्काळात आत्याचं लग्न ठरलं, तेव्हा गाव खडी फोडायला जात होतं आणि घरोघरी मिलोच्या भाकरी होत्या. तरी भावकीतून कुणी पायलीभर दाणे आणले, कुणी गुळाची ढेप. त्यावरच पंगत उठली.

पण आजी हे ऐकून गप्प बसत नसे. “सव्वा आला की दोन द्यायचं, दोन आलं की पाच. न्हाई दिलं तर लोक तोंडावर काय बोलत न्हाईत, पर पुढच्या लग्नाला अक्षता येत न्हाईत.” वहीत बायकांची नावं नव्हती. कुणाच्या खणाची फेड राहिली, कुणाला हलकं लुगडं गेलं, हा हिशेब आजीला तोंडपाठ होता. आणि लुगडं हलकं निघालं, की सासरी बोलणी सुनेलाच बसत.

अडीअडचणीला धावून जाणं हे आहेराचं मूळ. वरचढ फेडीनं त्याचं ओझं केलं. आता आमच्याकडे मांडवात माइकवरून भरपोशाखांची नावं पुकारतात, आणि ज्याच्याकडे द्यायला नाही तो जेवणाआधीच काढता पाय घेतो. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापून भागत नाही. मानपानाचा हट्ट आधी ऐपतदारानं सोडावा. गरिबानं सोडला, तर लोक त्याला कंजूष म्हणतात.