काळा पाषाण आणि खोटा काटा

औंढा नागनाथचे देऊळ छायाचित्रकाराची कसोटी पाहते. यादवकाळात घडवलेला खालचा भाग काळ्या बेसाल्टचा आणि शिल्पांनी भरगच्च. वरचा भाग पुष्कळ नंतरचा, विटा-चुन्याचा. ज्योतिर्लिंग मात्र तळघरातल्या अंधाऱ्या गाभाऱ्यात. नामदेवांना विसोबा खेचर येथेच भेटले आणि त्यांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, अशी परंपरा आहे. अशा वास्तूची जुनी छायाचित्रे अभ्यासक पुरावा म्हणून हाती घेतो, तेव्हा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: ज्या कॅमेऱ्याने हे टिपले, त्याचा प्रकाशमापक शाबूत होता काय?

प्रकाश मोजण्याचे यंत्र छायाचित्रकलेपेक्षा बरेच धाकटे आहे. 1880च्या दशकात सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ, किंवा चित्रपटाकडे वळण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यासाठी छायाचित्रे काढणारे दादासाहेब फाळके, हे विजेचा मापक नसलेल्या युगातले. नजर, सराव आणि कोष्टके हीच त्यांची साधने. 1932 साली वेस्टन कंपनीचा विद्युत् प्रकाशमापक बाजारात आला; 1935च्या काँटाफ्लेक्समध्ये तो कॅमेऱ्याच्या अंगातच बसवला गेला. भिंगातून आलेला प्रकाश मोजणारे टॉपकॉन आणि पेंटॅक्सचे कॅमेरे 1963-64चे. नजरेवरचा भार काट्यावर गेला, आणि काट्याचे आजार छायाचित्राच्या इतिहासात शिरले.

हे आजार मुख्यतः दोन जातींचे आहेत. पहिला सेलेनियमचा. हा पदार्थ प्रकाश पडताच स्वतःच वीज निर्माण करतो, त्याला बॅटरी लागत नाही. पण वर्षे लोटली, दमट हवा लागली की त्याची शक्ती ओसरते. मग काटा प्रकाश आहे त्याहून कमी दाखवतो, छायाचित्रकार उद्भासन वाढवतो आणि चित्र फिके पडते. दुसरा आजार कॅडमियम सल्फाइडच्या मापकांचा. त्यांतले पुष्कळ 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. अमेरिकेने 1996 साली कायद्याने तिच्यावर बंदी आणली, इतरत्रही ती दिसेनाशी झाली. तिच्या जागी 1.5 व्होल्टची अल्कलाइन बसवली की साध्या जोडणीच्या मापकात काटा अधिक सरकतो आणि चित्र काळवंडते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या काही कॅमेऱ्यांत सेतुपद्धतीची जोडणी असल्याने हा दोष तेथे फारसा उद्भवत नाही. म्हणजे एकच शिल्प एका यंत्राच्या चित्रात उजळ आणि दुसऱ्याच्या चित्रात काळे दिसेल. दगड मात्र तोच!

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही भाषा परकी वाटू नये. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत विष्णुदास नामा मिसळला आहे, हे ओळखण्यासाठी आपण पाठचिकित्सा करतो. प्रकाशमापकाची चिकित्सा त्याच वळणाची आहे. आधी बाह्य कारणे: बॅटरी योग्य दाबाची आहे का, तिच्या टोकांवर क्षार साठला आहे का, फिल्मच्या वेगाची चकती बरोबर आकड्यावर आहे का? मग तुलना: सारख्या उजेडातल्या एकरंगी भिंतीवर धड मापकाचे माप आणि आपल्या मापकाचे माप ताडून पाहावे, उन्हात, सावलीत आणि अंधुक खोलीत. दुसरा मापक नसेल तर जुना नियम कामी येतो: लख्ख उन्हात छिद्र f/16 ठेवावे आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, म्हणजे 100 एएसएला सुमारे 1/125 सेकंद. तिन्ही ठिकाणी फरक एकसारखा आला, तर तो एखाद्या लेखनिकाच्या ठरावीक लकबीसारखा समजावा. वेगाची चकती तेवढी सरकवली की काम भागते. उजेडागणिक फरक बदलत असेल, किंवा काटा अडखळत असेल, तर त्या साक्षीवर विसंबू नये. बॅटरी बदलूनही तसेच राहिले तर जाणत्या कारागिराकडे कॅमेरा द्यावा.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, निरोगी मापकही औंढ्याला फसवतो. समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. चौकट काळ्या पाषाणाने भरली की तो जास्त प्रकाश मागतो आणि बेसाल्ट राखेसारखा उतरतो. तेथे सांगितल्यापेक्षा एक-दोन स्टॉप कमी द्यावे लागतात. उलट, शिल्पपट्टाबरोबर उजळ आकाश चौकटीत आले की तो प्रकाश आखडतो आणि मूर्तींचे चेहरे अंधारात बुडतात. त्या चित्रावरून कोणी ‘मुखे झिजलेली’ अशी नोंद केली, तर झीज काळाने केली की काट्याने, हे सांगणे अवघड होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, जुन्या देवळाच्या छायाचित्रावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी शक्य असेल तेथे छापील प्रत बाजूला ठेवून निगेटिव्ह पाहावी. कारण छपाई करणाराही आपल्या परीने चूक सावरतो किंवा वाढवतो. त्याच रिळावरील शेजारची चित्रे पाहावीत. सगळीच सारखी काळी असतील तर संशय यंत्रावर घ्यावा, दगडावर नव्हे. देवळांचे जीर्णोद्धार होत राहतात, रंग चढतात, मूर्ती हलतात. मग ते जुने चित्रच एकमेव साक्षीदार उरते. साक्षीदाराची दृष्टी कशी होती, हे तपासल्याशिवाय त्याची जबानी इतिहासात दाखल करून घेऊ नये.