इग्बो बायबल आणि इग्बो प्रमाणभाषा

आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांना एक भाषा असली, तरी तिच्या बोली अनेक. दूरदूरच्या गावांना एकमेकांचे बोलणे समजणे कठीण. अशा समाजासाठी बायबल कोणत्या बोलीत आणावे?

१८५७ साली ओनित्शा येथे अँग्लिकन मिशन सुरू करणाऱ्या सॅम्युअल क्राउथर व जॉन टेलर यांनी 'इसुआमा' इग्बोचा आधार घेतला. सिएरा लिओनमध्ये वसलेल्या मुक्त गुलामांत ती घडली होती. इग्बो प्रदेशात मात्र ती कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. साहजिकच ती मागे पडली.

पुढे आर्चडीकन थॉमस डेनिस यांनी ओवेरीजवळील एग्बू येथे इग्बो सहकाऱ्यांच्या साहाय्याने नवे भाषांतर हाती घेतले. ओनित्शा, ओवेरी, उनवाना, अरोचुक्वू व बॉनी येथील बोलींतून शब्द व रूपे निवडून त्यांनी 'युनियन इग्बो' सिद्ध केली. १९१३ साली तीत संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. शाळा व प्रार्थनामंदिरांतून हे बायबल सर्वदूर पोहोचले आणि भिन्न बोलींच्या लोकांना प्रथमच एक समान ग्रंथभाषा लाभली. परंतु तीही कोणाची मातृभाषा नव्हती, हा आक्षेप कायम राहिला.

त्यात लिपीचा वाद उद्भवला. १९२९ मध्ये सरकारने नव्या वर्णलेखनाचा पुरस्कार केला. कॅथलिक मिशनने ते स्वीकारले, अँग्लिकनांनी जुनेच राखले. परिणामी एकाच भाषेची मुले पंथानुसार दोन प्रकारे लिहू लागली. हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. आपली ख्रिस्तसभाही त्यात सहभागी होती. या वादाने इग्बो साहित्याची वाढ खुंटली, असे अनेक अभ्यासक मानतात. अखेर १९६१ साली ओन्वू समितीने स्वरांखाली टिंब देणारी तडजोडीची लिपी ठरवली. आज तीच रूढ आहे. दरम्यान आयडा वॉर्ड यांच्या संशोधनामुळे कृत्रिम मिश्रणाऐवजी मध्यवर्ती बोलींकडे लक्ष वळले होते.

ओवेरीच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने १९९६ पासून इग्बो भाषेतच 'ओडेनिग्बो' व्याख्याने सुरू केली. अँग्लिकन धर्मशिक्षकाचे पुत्र असलेल्या चिनुआ अचेबे यांनी १९९९ साली याच व्यासपीठावरून डेनिस यांच्या युनियन इग्बोवर कठोर टीका केली, आणि तीही आपल्या गावाकडच्या बोलीत.