कथेतला लेफ आणि जमिनीतली चकती



आपल्या गटात हप्त्यावरून वाद झाला की एक म्हणते, “मी भरला.” दुसरी म्हणते, “नाही भरलास.” मग आपण वही उघडतो. पण हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीची वही कुठे शोधायची? आज तेच बघू.

युरोपच्या उत्तरेला नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क हे थंड देश आहेत. तिथले दर्यावर्दी म्हणजे व्हायकिंग. त्यांच्यातला एक नावाजलेला वीर लेफ एरिकसन. कोलंबस १४९२ साली अमेरिकेकडे पोचला. त्याच्या सुमारे पाचशे वर्षं आधी लेफ तिथे उतरला, असं आइसलँडच्या जुन्या कथा सांगतात. या कथांना ‘सागा’ म्हणतात.

अडचण अशी, की या सागा लिहिल्या गेल्या तेराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी. तोवर गोष्ट तोंडातोंडीच चालली. त्यामुळे दोन सागा दोन तऱ्हेनं बोलतात. एक म्हणते, ती जमीन आधी दुसऱ्याच खलाशानं पाहिली, लेफ नंतर गेला. दुसरी म्हणते, लेफच वाट चुकून तिथे पोचला. लेफचा भाऊ कसा मेला? एकीत मूळ रहिवाशांच्या बाणानं. दुसरीत चक्क एका पायाच्या प्राण्यानं बाण मारला!

लेफच्या सावत्र बहिणीचं, फ्रेयडिसचं बघा. एका सागेत हल्ला होताच पुरुष पळतात. ही गरोदर बाई मात्र तलवार उचलून शत्रूसमोर उभी राहते, आणि शत्रूच पळतो. दुसऱ्या सागेत हीच बाई दुष्ट आहे, कुऱ्हाडीनं पाच बायकांना मारते. बाई एकच, लिहिणाऱ्यांनी ती दोन केली. खरी कोणती, याला पुरावा नाही.

मग सगळंच खोटं का? नाही. १९६० साली हेल्गे इंगस्टाड हे नॉर्वेचे शोधक कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर पोचले. तिथल्या एका मच्छीमारानं त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. पुढे त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ ॲन स्टीन इंगस्टाड यांच्या देखरेखीखाली तिथे खोदकाम झालं. आइसलँडमध्ये पूर्वी असत तशी मातीगवताच्या भिंतींची घरं सापडली, लोखंड गाळल्याच्या खुणा सापडल्या. तिथलं लाकूड १०२१ साली धातूच्या हत्यारानं तोडलेलं आहे, हे २०२१ साली संशोधकांनी झाडाच्या वलयांवरून दाखवून दिलं.

आणि सापडली दगडाची एक छोटी चकती. टकळीला वजन देणारी. सुयांना धार लावायचा दगडही मिळाला. त्या लोकांत सूत कातणं हे बायकांचं काम. म्हणून अभ्यासक म्हणतात, या वस्तीत बायकाही होत्या. त्यांच्या जहाजांची शिडंही लोकरीची असत, आणि ती लोकर बायकाच कातत.

म्हणजे काय ठरलं? व्हायकिंग अमेरिकेत पोचले, हा इतिहास. एका पायाचा प्राणी ही दंतकथा. लेफचं नाव फक्त कथेत आहे. जमिनीत त्याच्या नावाचं काही मिळालेलं नाही. तो गेला असेल, पण शिक्का मारता येत नाही.

मैत्रिणींनो, कुठल्याही वीराची कथा आवडीनं ऐका. ऐकून झाली की तीन प्रश्न विचारा. कोणी लिहिली? किती वर्षांनी? जमीन काय सांगते? कथेत तलवारी खणखणतात. पण हजार वर्षांनी साक्ष द्यायला उभी राहिली ती कुणा अनाम बाईच्या टकळीची चकती.