धान्य आणि साक्ष : बारामती-इंदापूरच्या इतिहासातून मदतसंस्थांच्या भवितव्याकडे

युद्धग्रस्त प्रदेशांत अन्न, औषधे आणि निवारा पोहोचवणाऱ्या संस्थांना पुढे काही भवितव्य आहे काय, हा प्रश्न २०२५ या वर्षाने फार कठोरपणे समोर आणला. जगातील सर्वांत मोठी सरकारी मदतयंत्रणा असलेली अमेरिकेची 'यूएसएड' १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली. ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. ऑक्टोबरमध्ये सुदानमधील अल फाशर हे शहर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर पडले आणि तेथील उपाशी माणसांना वाचवायला कोणतीही मोठी संस्था आत पोहोचू शकली नाही. या संस्था कालबाह्य झाल्या, असे काहीजण म्हणतात. त्यांना अधिक पैसा आणि अधिक संरक्षण द्यायला हवे, असे इतर म्हणतात.

ही चर्चा बहुधा जिनिव्हा किंवा न्यूयॉर्क येथे होते आणि तिचा इतिहास सोल्फेरिनोच्या रणांगणापासून (१८५९) सांगितला जातो. परंतु मदत कोणी द्यावी, कोणत्या अटींवर द्यावी, आणि मदत देणाऱ्याने बोलावे की गप्प राहावे, हे तिन्ही प्रश्न पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, आजच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, शंभर वर्षांच्या अवधीत प्रत्यक्ष लढवले गेले आहेत. तो इतिहास या चर्चेत आणावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक मर्यादा नोंदवायला हवी. १८७५ ते १८७७ या काळात येथे युद्ध नव्हते. पण शांतताही नव्हती. इंदापूर तालुका हा मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची जणू प्रयोगशाळा होता. प्रिंगलने ठरवलेला सारा न पेलल्याने येथील शेतकरी जमिनी टाकून गेले, आणि १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना याच तालुक्यात नवी पाहणी करावी लागली. तीस वर्षांची ती मुदत संपताच १८६७ मध्ये सारा पुन्हा वाढला. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळले होते. वाढलेला सारा भरायला शेतकरी सावकाराकडे गेला, आणि सावकाराच्या मागे दिवाणी न्यायालय उभे होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, या साऱ्याचा स्फोट झाला. लोकांनी सावकारांची कर्जखते ओढून काढून जाळली. माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. राग कागदावर होता. इंदापूर, शिरूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यापर्यंत हे लोण पोहोचले, आणि पोलिसांच्या मदतीला लष्कर आणावे लागले.

दक्षिणेतील दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम होते न होते तोच १८७६ चा पाऊस गेला. म्हणजे ज्या सरकारने दीड वर्षापूर्वी या लोकांना पकडून तुरुंगात घातले होते, तेच सरकार आता त्यांचे अन्नदाते झाले. संघर्षातील एक पक्षच मदत वाटत असेल तर काय होते, हा आजचा प्रश्न येथे पहिल्यांदा नीट दिसतो.

सरकारने जे केले ते काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळी कामे निघाली, आणि त्यांतले एक मोठे काम म्हणजे नीरा डावा कालवा. पण जानेवारी १८७७ मध्ये धोरण आवळले गेले. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाहणीसाठी पाठवले. या टेंपल यांचा पूर्वेतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १८७३-७४ मध्ये बिहारात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून फार थोडे बळी जाऊ दिले होते, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका पत्करला होता. आता त्यांनी काटकसर सिद्ध करून दाखवली. कष्टकरी माणसाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर, हे परिमाण त्यांनी ठरवले. गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर न्यायचे, कामाचे माप वाढवायचे आणि मजुरी उतरवायची, असे हे धोरण होते. यामागचा तर्क सरळ होता : जो खरोखर उपाशी असेल तोच इतक्या दूर, इतक्या कमी मजुरीवर येईल. भुकेची परीक्षा अंतराने घ्यायची.

या परीक्षेला लोकांनी दिलेले उत्तर अनपेक्षित होते. हजारो मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी अन्नाच्या कामावर संप करावा, ही गोष्ट अधिकाऱ्यांना अनाकलनीय वाटली. भूक खरी नसावी, असा अर्थही त्यांतल्या काहींनी काढला. वस्तुतः तो नकार होता, आणि त्याला आधार देणारी एक संस्था पुण्यात उभी होती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने आणि न्या. रानडे यांच्या मार्गदर्शनाने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली, आपली माणसे पाठवली आणि दुष्काळाचे वृत्तांत छापून सरकारपुढे ठेवले. पिके किती बुडाली, कामावर किती माणसे आहेत, हातात किती पैसे पडतात, किती गावे ओस पडली, हे त्यांत होते. सभेजवळ धान्याची कोठारे नव्हती. तिने जे दिले ते साक्ष होते.

त्याच वर्षी याच जिल्ह्यात तिसऱ्या प्रकारची मदत उभी राहिली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. जुन्नर तालुक्यातील ओतूरहून सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सावकारांशी झालेल्या तंट्यावरून सत्यशोधक कार्यकर्त्यांना अटक झाली. सावित्रीबाई कलेक्टरांपुढे गेल्या, त्यांनी कार्यकर्ते सोडवून घेतले, आणि त्या कलेक्टरांनी वर चार गाड्या ज्वारी पाठवली, असे त्यात आहे. या पत्राकडे सहसा करुणेचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. मला त्यात मदतकार्याचे सारे राजकारण दिसते : संघर्षातल्या एका पक्षाची तक्रार, मदत करणाऱ्यांना अटक, अधिकाऱ्याशी वाटाघाट, आणि मग धान्याच्या गाड्या. अल फाशरच्या वेशीवरही क्रम हाच होता, फक्त शेवटच्या गाड्या आल्या नाहीत.

असे तीन नमुने एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात मिळतात. सत्तेची मदत मोठी होती, पण सत्तेच्या अटींवर. स्थानिकांची मदत लहान होती, पण माणसे ओळखणारी. आणि सार्वजनिक सभेचे काम वाटपाचे नव्हते, नोंदीचे होते. या तिसऱ्या कामाचे मोल काय, असे कोणी विचारले तर पुढचा इतिहास पाहावा. १८८० च्या दुष्काळ आयोगाने श्रम करणाऱ्या माणसाचा शिधा टेंपल यांच्या पौंडाहून अधिक धरला. १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला, म्हणजे मदत ही अधिकाऱ्याच्या मर्जीतून काढून नियमात बसवली गेली. हे श्रेय एकट्या सभेचे नव्हे; मद्रासेत डॉ. कॉर्निश यांच्यासारखा सरकारी वैद्यकीय अधिकारीही एक पौंडाविरुद्ध लढत होता. पण नोंदच नसती तर वादही झाला नसता.

साक्षीची किंमतही सभेने मोजली. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेने गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना संहितेतील हक्क समजावले. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून घ्या, असे सांगितले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. जे बोलतात त्यांना दार बंद होते, हा नियम तेव्हापासूनचा. १९८५ मध्ये इथिओपियातील सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध बोलल्याबद्दल 'मेदसँ सां फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संस्थेची फ्रेंच शाखा देशाबाहेर घालवली गेली, तेव्हा घडले ते हेच.

गप्प राहणाऱ्यांचा युक्तिवाद म्हणूनच हलका नाही. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसची भूमिका अशी की, आम्ही बोललो तर कैद्याच्या कोठडीपर्यंत आणि जखमीच्या खाटेपर्यंत आम्हांला कोणी जाऊ देणार नाही. बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) या मौनाला कंटाळलेल्या फ्रेंच डॉक्टरांनी १९७१ मध्ये उपरोक्त संस्था काढली. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो एका संस्थेच्या आत मिटणारही नाही.

त्याच १९७१ मध्ये बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण ती गोष्ट गुंतागुंतीची आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले. ज्या कालव्यावर दुष्काळी मजुरांनी माती वाहिली, त्याने पुढे ऊस पिकवला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. पण कालवा उताराने जातो. सुपे, मोरगाव हा उंचावरचा भाग कोरडाच राहिला. ज्या गावाने १८७५ मध्ये कर्जखते जाळली, त्याच्या शिवारात दुष्काळी कामाचे पाणी आले नाही.

या जिरायत पट्ट्यात १९६० नंतरच्या दशकात 'कामाच्या बदल्यात धान्य' या तत्त्वावर पाझर तलाव झाले. गहू आणि तेल परदेशातून, 'कासा' या ख्रिस्ती चर्चच्या मदतसंस्थेमार्फत येई. ही संस्था १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी निर्माण झालेली, म्हणजे मुळात संघर्षाचेच अपत्य. बारामतीत ऑस्ट्रेलियन मिशनचे ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. स्थानिक नेतृत्व आप्पासाहेब पवार आणि शरद पवार या बंधूंसारख्यांचे. हे सारे निर्मळ परोपकाराचे होते असे नाही. त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताला गव्हाची जहाजे मुद्दाम थोडीथोडी सोडत होते, जेणेकरून दिल्लीवर दाब राहावा. मिशनऱ्यांविषयी संशय होताच. तरीही १८७७ आणि या कामात एक मूलभूत फरक आहे. घाम दोन्हीकडे गाळावा लागला. पण येथे काम गावाच्या शिवारात होते, कोठे बंधारा घालायचा हे ठरवण्यात गावातली माणसे होती, आणि गहू संपल्यावर विहिरींना पाणी राहिले. बाहेरची संस्था निघून गेली तरी मागे स्थानिक संस्था उरली.

आता गाझाकडे पाहू. मे २०२५ मध्ये अमेरिका आणि इस्रायलच्या पाठिंब्याने एक नवे 'मानवतावादी' प्रतिष्ठान अन्नवाटपासाठी उतरवले गेले. आधीच्या शेकडो वाटपस्थळांऐवजी चार केंद्रे, त्यांतली तीन दक्षिणेच्या टोकाला, आणि भोवती सैन्य. संयुक्त राष्ट्रांनी सहभागी होण्यास नकार दिला. अन्न मिळवताना जुलैअखेरपर्यंत हजाराहून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने केली; त्यांतील बहुसंख्य या केंद्रांच्या परिसरात. नोव्हेंबरमध्ये ते प्रतिष्ठान गुंडाळले गेले. गावाजवळची लहान कामे बंद करून उपाशी माणसाला दूर चालायला लावणे ही टेंपल यांची युक्ती होती. येथे त्या वाटेवर बंदुका आल्या. धान्य होते. साक्षीदाराला मात्र वाटपस्थळी जागा नव्हती.

सुदानमध्ये उलट चित्र दिसले. मोठ्या संस्था पोहोचू शकल्या नाहीत तेथे वस्तीवस्तीतील तरुणांनी 'आणीबाणी कक्ष' या नावाने सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, पकडले जाण्याचा आणि मारले जाण्याचा धोका पत्करून. ओतूरचे सत्यशोधक कार्यकर्ते त्यांना लगेच ओळखतील. २०१६ च्या इस्तंबूल परिषदेच्या वेळी देणगीदारांनी २०२० पर्यंत एकचतुर्थांश निधी स्थानिक संस्थांकडे वळवण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. अमेरिकेचा निधी आटला तेव्हा या कक्षांच्या चुलीही शेकड्यांनी विझल्या.

यावरून भवितव्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते असे. एकच संस्था धान्यही आणेल, वाटेलही, आणि सत्तेविरुद्ध साक्षही देईल, ही अपेक्षा सोडावी. १८७७ मध्ये ही कामे वेगवेगळ्या हातांत होती, आणि म्हणूनच एकाचा हात धरला तरी दुसरे चालू राहिले. वाटप स्थानिकांच्या हाती द्यावे. त्यांच्यामागे बाहेरचा पैसा सातत्याने उभा राहावा. आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपले खरे काम नोंदीचे आणि नकाराचे आहे हे ओळखावे. एखादी मदतयोजना युद्धाचे हत्यार होत असेल तर तीत सामील न होणे आणि तसे उघड सांगणे, हीसुद्धा मदतच असते.

मदतीचा अंतिम अर्थ मात्र दयेतून हक्कात जाण्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. एक पौंडाच्या संपाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. काम द्या अशी याचना करणारा माणूस ते कायद्याने मागू लागला. युद्धात असा कायदा राबवणारे सरकार नसते, हे खरे. जिनिव्हाचे करार आहेत, पण ते मोडणाऱ्याला कोण विचारणार? विचारणारा आज नसेल. पण उद्या कोणी विचारायला उभा राहिलाच, तर त्याच्या हातात कागद लागेल. सुप्याच्या लोकांनी जे कागद जाळले ते त्यांना बांधणारे होते. पुण्याच्या सभेने जे कागद लिहिले ते सोडवणारे होते. या दुसऱ्या प्रकारचे कागद लिहिणारी माणसे टिकवणे, हाच मदतसंस्थांच्या भवितव्याचा प्रश्न आहे.