भारत जोडो अभियान (१९८५–८६)

भारत जोडो अभियान : धर्म, भाषा आणि प्रांत यांवरून माणसामाणसांत वाढत चाललेले वैर कमी व्हावे, यासाठी बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी तरुणांना बरोबर घेऊन काढलेली कन्याकुमारी ते जम्मू-काश्मीर ही सायकलयात्रा. साने गुरुजींच्या जन्मदिनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, कन्याकुमारीहून ती निघाली आणि ५,०४२ किलोमीटरांचा प्रवास करून एप्रिल १९८६ मध्ये संपली. तीत ११६ जण होते : १०० तरुण आणि १६ तरुणी. वयाची अट पस्तिशीच्या आतली. वाटेत, निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी, बाबांना ७१ वर्षे पूर्ण झाली.

बाबा आमटे कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत पायी चालले, असा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. मणक्याच्या विकारामुळे बाबांना त्याआधी कित्येक वर्षे बसता येत नव्हते. ते उभे राहू शकत, थोडे चालू शकत, एरवी त्यांना आडवे पडून राहावे लागे. संपूर्ण यात्रा त्यांनी गाडीत टाकलेल्या बिछान्यावर पडून केली. रस्ता कापला तो तरुणांनी, सायकलवर. हा खुलासा बाबांचे मोठेपण कमी करण्यासाठी नाही. पाठीचा प्रत्येक मणका दुखत असताना खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून साडेतीन महिने आडवे पडून जाणे हे चालण्याहून सोपे होते, असे कोणी म्हणणार नाही. पण या अभियानाचे श्रेय एका थोर माणसाच्या पदयात्रेला देऊन मोकळे झाले, की ज्यांनी ते प्रत्यक्षात आणले ते ११६ जण नजरेआड होतात.

अभियान निघाले तो काळ देशाला हादरवणारा होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये आसामात नेल्ली येथे हत्याकांड झाले. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि पुढच्या काही दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसार, २,७३३ शीख मारले गेले. जुलै १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली दलाचे नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात पंजाब करार झाला. महिना उलटायच्या आत लोंगोवाल यांची हत्या झाली. त्याच वर्षी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीविषयीच्या शाहबानो खटल्याच्या निकालावरून वेगळेच वादळ उठले होते.

यात्रा वाटेवर असतानाही देश थांबला नव्हता. १ फेब्रुवारी १९८६ रोजी अयोध्येतील वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले गेले. त्याच महिन्यात काश्मीर खोऱ्यात, अनंतनाग परिसरात, पंडितांची घरे आणि मंदिरे यांवर हल्ले झाले. मार्चमध्ये जम्मू-काश्मीर राज्यात राज्यपालांची राजवट आली. म्हणजे ज्या दिशेने सायकली चालल्या होत्या तिथलीच जमीन तापत होती. वाटेतला पंजाब तर त्या दिवसांत लोक टाळू पाहत. इतर राज्यांतल्या बिगरशीख माणसाला तिथे जाण्याची भीती वाटे, आणि पंजाबाबाहेर पगडी घातलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाई. त्या पंजाबातून हे तरुण सायकलवर गेले. अभियानात सर्वांत धाडसाचे काय होते असे विचारले, तर अंतराच्या आधी पंजाबचे नाव घ्यावे लागेल.

एवढे तरुण बाबांच्या मागे का आले, याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात सापडते. वरोऱ्याजवळचे आनंदवन बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी १९४९ नंतरच्या वर्षांत कुष्ठरुग्णांसाठी उभे केले. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प सुरू झाला, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे दर मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात कॉलेजची मुले-मुली सकाळी कुदळ-फावडे घेऊन शेतावर राबत, मग व्याख्याने आणि चर्चा, रात्री गाणी. शेजारी काम करणारा माणूस बोटे झडलेला, कुष्ठरोगातून बरा झालेला. जेवणातले धान्य त्याने पिकवलेले. ज्या काळात कुष्ठरुग्णाची सावलीही घरात नको असे, त्या काळात शहरातला मुलगा पहिल्या दिवशी ते ताट पुढे ओढताना अडखळे आणि आठवडा संपताना त्याच माणसाच्या शेजारी मांडी घालून जेवे. रोग कसा पसरतो यावरचे भाषण जे करू शकले नसते, ते एका पंगतीने केले.

बाबांच्या शांतिकार्याचे मूळ इथे आहे. भीती वादविवादाने जात नाही, ती एकत्र घाम गाळल्याने आणि एकत्र जेवल्याने जाते, हे त्यांनी आनंदवनात प्रत्यक्ष पाहिले होते. शेजारच्या धर्माची भीतीही त्यांनी त्याच जातीची मानली आणि तिला तोच उपचार लावला. भारत जोडो अभियान म्हणजे रस्त्यावर आणलेली सोमनाथची छावणीच होती. फरक एवढाच की इथे दर दिवशी गाव बदलत होते.

साने गुरुजींचा जन्मदिवस निवडण्यामागेही हाच धागा आहे. पालगडचा हा शिक्षक ‘श्यामची आई’पुरता मराठी माणसाच्या मनात राहिला असला, तरी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केले होते, आणि इस्लामी संस्कृतीची मराठी वाचकांना आत्मीयतेने ओळख करून देणारे पुस्तकही लिहिले होते. भारतातल्या भाषांनी आणि प्रांतांनी एकमेकांना जाणून घ्यावे, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. त्यांच्या हयातीत ती फार पुढे गेली नाही. १९५० मध्ये ते गेले. त्यांच्या जन्मदिवशी देशाच्या दक्षिण टोकावरून निघणे म्हणजे ते राहिलेले काम हाती घेणे होते.

सायकलच का, हा प्रश्न किरकोळ नाही. पदयात्रेची परंपरा भारताला जवळची. १९४७ च्या आरंभी गांधीजी नोआखालीत अनवाणी गावोगाव फिरले, विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी देश पायाखाली घातला, महाराष्ट्राचे शंकरराव देव १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने मैत्रीयात्रा घेऊन निघाले. चीनने त्यांना प्रवेश दिला नाही. पण पायी चालणारा माणूस दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातो. पाच हजार किलोमीटरांना त्याला सात-आठ महिने लागतील, आणि शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांना इतका काळ घर सोडणे शक्य नसते. मोटारीने गेले तर गावे काचेतून मागे पडतात. सायकलने हा पेच सोडवला. साडेतीन महिन्यांत पाच हजार किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी पन्नासच्या आत. तरुण पायांना हे अंतर अर्ध्या दिवसाचे. उरलेला अर्धा दिवस लोकांसाठी मोकळा राहतो.

शिवाय सायकल ही त्या काळी दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळामास्तराची, गिरणी कामगाराची गाडी होती. गिअरची सायकल क्वचितच दिसे. काळी, उंच दांड्याची, वीसेक किलो वजनाची सायकल सर्रास असे. चढावर ती ढकलावी लागते. चेन उतरते, ट्यूब पंक्चर होते, आणि मग रस्त्याकडेला टायर उलगडून, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते पाहावे लागते. पाण्याची घमेली शेजारच्या घरातून मागावी लागते. ती देणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नाही, आणि मागणाऱ्याचाही नाही. अशा यात्रेत जोडण्याचे निम्मे काम या असल्या अडचणीच करतात. शंभरावर सायकलस्वारांच्या मुक्कामाची, पाण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय करायची, तर गावातल्या एका आळीला ते झेपत नाही. वेगवेगळ्या आळ्यांना बसून ठरवावे लागते. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे लोक पाहुण्यांच्या निमित्ताने एका सतरंजीवर येतात. सभेतले भाषण त्यानंतरचे.

या ११६ जणांत मुली सोळाच होत्या. आजच्या डोळ्यांना हा आकडा तोकडा वाटेल, आणि तो तोकडा होताच. पण १९८५ साली लग्नाच्या वयाच्या मुलीने साडेतीन महिने अनोळखी मुलांबरोबर सायकलवर देश ओलांडायचा, वाटेत पंजाब आणि काश्मीर, ही गोष्ट घरच्यांपुढे मांडणेच किती अवघड असेल याचा अंदाज त्या काळी वाढलेल्या कोणत्याही स्त्रीला करता येईल. धर्माधर्मांतल्या तेढीचा सर्वांत मोठा भार बायकांवर पडतो. दंगलीत त्यांच्यावर अत्याचार होतात, त्यानंतर त्यांचे घराबाहेर पडणे बंद होते. सायकलवरून गावात शिरणाऱ्या सोळा मुली पाहून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलींना जे कळले असेल, ते शांततेच्या जमाखर्चात धरले पाहिजे.

अभियानाने दंगली थांबल्या का? नाही. ते संपले त्याच एप्रिलच्या २९ तारखेला सुवर्णमंदिर परिसरातून खलिस्तानची घोषणा झाली. पुढच्या वर्षी मे १९८७ मध्ये मेरठ पेटले आणि हाशिमपुऱ्यातील मुस्लिम तरुणांना पोलिसांच्या सशस्त्र दलाने उचलून नेऊन गोळ्या घातल्या. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये भागलपूर जळले. सायकलींच्या एका रांगेने हे सारे अडवायला हवे होते, ही अपेक्षाच चुकीची. राजकारणाने पेटवलेली आग राजकारणानेच विझवावी लागते, आणि ज्यांच्या हाती ती विझवणे होते त्यांनी ते केले नाही. अभियानाचे फळ वेगळ्या ठिकाणी मोजायला हवे. विशी-पंचविशीत ज्याने अनोळखी प्रांतातल्या अनोळखी धर्माच्या घरी जेवण केले आणि झोपही काढली, त्याच्या कानाशी पुढे कोणी ‘ते लोक असेच’ म्हणून सांगू लागला, तर त्याच्याजवळ उत्तर म्हणून स्वतः पाहिलेली माणसे असतात. अशी माणसे एका दंगलीत एक गल्ली वाचवतात. वाचलेल्या गल्लीची बातमी होत नाही.

बाबा पहिल्या यात्रेवर थांबले नाहीत. १९८८-८९ मध्ये दुसरे अभियान निघाले, या वेळी देश आडवा ओलांडत : अरुणाचल प्रदेशातील इटानगरपासून गुजरातच्या पश्चिम टोकावरील ओखापर्यंत. ईशान्येतून सुरुवात करण्याला विशेष अर्थ होता. दिल्ली-मुंबईच्या नकाशात जो प्रदेश कोपऱ्यात पडतो, तिथून भारत मोजायला घ्यायचा, असा तो क्रम होता. त्यानंतर बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि धरणग्रस्तांच्या लढ्यात उतरले. मॅगसेसे पुरस्कार त्यांना पहिल्या यात्रेच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मिळाला होता. पद्मविभूषण १९८६ मध्ये.

याच वाटेने आणखीही काही प्रयत्न झाले. १९८७ मध्ये अभिनेते आणि खासदार सुनील दत्त यांनी मुलगी प्रिया हिला बरोबर घेऊन मुंबई ते अमृतसर अशी सुमारे दोन हजार किलोमीटरांची महाशांती पदयात्रा केली आणि सुवर्णमंदिरात माथा टेकला. ही मात्र खरोखर पायी केलेली यात्रा होती. चंबळच्या बागींच्या, म्हणजे डाकूंच्या, शरणागतीत वाटा असलेले गांधीवादी एस. एन. सुब्बाराव (१९२९–२०२१), तरुणांचे ‘भाईजी’, यांनी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर, १९९३ मध्ये, सद्भावना रेल्वे यात्रा काढली. वेगवेगळ्या राज्यांतले तरुण आगगाडीत राहत, शहराशहरांत उतरत आणि सर्वधर्म प्रार्थना म्हणत. सुब्बारावांच्या शिबिरांत मुलांना एकमेकांच्या भाषेतली गाणी पाठ करावी लागत. नुसत्या एकतेच्या घोषणा त्यांना पुरेशा वाटत नसत, हा त्यांचा आणि बाबांचा समान गुण.

काँग्रेस पक्षाचे नेते राहुल गांधी यांनी ७ सप्टेंबर २०२२ ते ३० जानेवारी २०२३ या काळात कन्याकुमारी ते श्रीनगर अशी जी ‘भारत जोडो यात्रा’ केली, ती पायी होती आणि एका राजकीय पक्षाची होती. नाव आणि आरंभस्थान सारखे असले, तरी या नोंदीतील अभियान तिच्याहून वेगळे. ते कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली निघाले नव्हते.